आरपार दिसणारी पिशवी

अंधेरीच्या एका औषधाच्या कारखान्यात मी गोळ्यांच्या पॅकिंगला होते. तिथं आम्हा बायकांना एकच पिशवी चालायची, प्लास्टिकच्या वायरची विणलेली, भोकाभोकांची. का? तर आत काय आहे ते गेटवरच्या वॉचमनला बाहेरूनच दिसायला हवं. आम्ही गोळ्या चोरून नेऊ म्हणे! साहेबलोक चामड्याच्या बॅगा घेऊन जायचे, त्यांना सलाम. आम्हाला मात्र, "पिशवी वर धर."

डबा दिसला तर दिसू दे हो. पण महिन्याच्या त्या चार दिवसांतल्या कापडाच्या घड्या न्यायच्या कशा? वर्तमानपत्रात गुंडाळल्या, तर हा मेला पुडकं दाबून बघणार आणि मोठ्यानं विचारणार, "इसमें क्या है?" मागं पन्नास बायका, बाजूला ट्रक उतरवणारे हमाल. काय सांगायचं त्याला, डोंबल? संतापानं नुसती कानशिलं तापायची माझी.

गणपतीला शिफ्ट सुटली की मी थेट गावची एस.टी. पकडायची. म्हणजे साड्या, परकर, सगळं त्याच पिशवीतून गेटभर दाखवत न्यायचं. आईनं ती पिशवी पहिल्यांदा बघितली तेव्हा म्हणाली, "गो, तू नोकरेक जातंस काय बाजाराक?" ती हसली. मला काही हसू आलं नाही.

एका पगाराला मात्र ठरवलं, बस्स झालं. माझ्या टेबलाशी शेजारी उभी राहून काम करणारी एक मैत्रीण होती, मालाडच्या गावठाणातली ख्रिश्चन, जिभेनं माझ्याहून तिखट. तिला घेऊन मालाडच्या बाजारात गेले. पहिली बॅग दिसायला झकास, पण डबा आडवा ठेवावा लागत होता. आमटी सांडली की वाट लागली. दुसरी मोठी, पण हातात धरायची. एस.टी.त उभं राहायची वेळ आली तर धरायला हात नको मोकळा? तिसरी तपकिरी रेक्झिनची. तळ सपाट, खांद्याला रुंद पट्टा, बाहेर पासापुरता कप्पा आणि वर या टोकापासून त्या टोकापर्यंत चेन. दुकानातच मी तिच्यात डबा, छत्री आणि नुकतीच घेतलेली साडी कोंबून बघितली. सगळं मावलं. मग चेन ओढली आणि मैत्रिणीला विचारलं, "सांग, आत काय आहे?"

"मला काय ठाऊक गं!"

"हीच द्या," मी दुकानदाराला म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत जाताना कुणी हटकलं नाही. संध्याकाळी सुटताना वॉचमननं आडवा हात घातला. "ये नहीं चलेगा. खोलो."

"नाही खोलत जा."

त्यानं सरळ चेनला हात घातला. मी तो हात झटकला आणि ओरडले, "बाईच्या बॅगेत हात घालतोस? घरी आयाबहिणी आहेत की नाही तुला?" मैत्रीण माझ्या बाजूला येऊन उभी राहिली. मग मागच्या दोघी, मग सगळ्याच. कुणी पिशवी वर धरेना. गेट अडलं, ट्रक अडले, शेवटी साहेब खाली आले.

"झडती तर होणारच," ते म्हणाले.

"मग झडतीला बाई ठेवा!" मी म्हटलं. हे माझंच वाक्य. दुसऱ्या कुणाचं नाही.

आठवड्याभरात मंजूर झालं. बॅग कसलीही आणा, पडद्याआड बाईसमोर उघडा. बायकांनी मला डोक्यावर घेतलं. झडती घेणाऱ्या बाईची जागा साहेबांनी आधी मलाच देऊ केली. "मी कुणाच्या बॅगेत हात घालणार नाही," असं ठणकावून मी मोठ्या तोऱ्यात बाहेर आले. मैत्रिणीनं जागा घेतली. दिवसभर उभं राहून तिच्या पायांच्या शिरा फुगायच्या, आणि गेटवर खुर्ची होती. मी म्हटलं, बरंच झालं, आपलीच आहे.

पहिल्या संध्याकाळी मी पडद्याआड गेले, बॅग उघडून धरली. तिनं नुसतं डोकावलं, चेन स्वतःच लावून दिली. मी निघाले तर म्हणाली, "थांब गं. हात वर कर."

"कशाला?"

"अंगाची झडती घ्यायची आहे. बाई आहे तर तीही घ्या म्हणालेत साहेब." ती माझ्याकडे बघत नव्हती.

आजवर वॉचमन पुरुष होता म्हणून आमचं अंग झडतीतून सुटलं होतं, हे मला तेव्हा कळलं. मी हात वर केले. तिनं निऱ्या चाचपल्या, पोलक्यावरून हात फिरवला. ज्याच्यावर ओरडायचं तो वर केबिनमध्ये चहा पीत बसला असणार, आणि माझ्यासमोर ही उभी. माझं डोकं फिरलं. तिच्या तोंडावर म्हणाले, "तुझ्यापेक्षा तो मेला वॉचमन बरा होता. त्याची अंगाला हात लावायची हिंमत तरी नव्हती."

तिनं पदरानं डोळे पुसले, पडदा बाजूला केला आणि बाहेरच्या रांगेला म्हणाली, "चला, पुढची."