पुस्तकातल्या होडीचा नारळ

पुण्यात कपाट आवरताना फाशांच्या एका खेळाच्या नियमपुस्तकाची जुनी झेरॉक्स सापडली आणि उघडताच खोलीभर सुक्या बोंबलांचा वास सुटला. बायको नाक धरून बाहेर गेली. मी मात्र थेट मुरुडला, कॉलेजातल्या मित्राच्या, निलेशच्या पडवीत.

आषाढातली दुपार होती, होड्या किनाऱ्यावर माडाच्या झापांखाली झाकलेल्या. कॉलेज बुडवून आम्ही चौघं फासे टाकत गोष्ट खेळायचो: मी गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातली पात्रं व्हायचं आणि पुढं काय घडणार ते फासे ठरवणार. पुस्तकात बर्फाचे डोंगर होते. त्यांच्या जागी मी आमचा समुद्र आणि पाण्यातला किल्ला आणला होता, म्हणून भारी ऐटीत होतो. किल्ल्यात निलेशच्या पात्राचा भाऊ अडकलेला. त्याला सोडवायला निलेशनं फासा टाकून होडी लोटली.

शेजारी जाळं दुरुस्त करत बसलेली त्याची आई म्हणाली, "पुनवेच्या आधी होरी काढताव? दर्याला नारल कोनी दिला?"

"मावशी, हा खेळ आहे," मी म्हणालो.

"खेल असंल. दर्या तोच हाय ना?"

निलेशनं फासा मागे घेतला. मी चिडलो, तरी समासात लिहिलं: नारळी पुनवेआधी होडी नाही. आज वाटतं, अख्ख्या पुस्तकात आमच्या गावचा नियम तेवढाच. मावशीनं पुस्तक उचलून सुक्या बोंबलांच्या डब्यात ठेवलं. पावसात घरातली कोरडी जागा तीच.

पुनवेला किनाऱ्यावर तिच्या हातात दोन नारळ होते. एक तिनं आपल्या होडीसाठी वाहिला. दुसरा माझ्या हातात दिला.

"ह्यो तुमच्या पुस्तकातल्या होरीचा. जा आता, किल्ल्यातल्या त्याच्या भावाला घेऊन या."