सगळीकडं त्याचाच नंबर

"हितं सही कर. वाचू नको, मी वाचलंय."

पेनाचं टोपण दातात धरून तो फॉर्मवर फुली मारायचा नि असं म्हणायचा. मला वाचायला येतंय कुठं? पण चार माणसांत तो तसं कधी बोलला नाय. मी पण कागदाकडं बघून मान हलवायचो, "बरोबर दिसतंय."

तुमच्याकडं पण असंल असा एक एजंट. आमचा रामवाडीचा. स्कूटरवरनं पार रोह्यापर्यंत फिरायचा. पॉलिसी, बँक, आधार, गॅस, सगळं तोच बघायचा. मी हमरापूरला गणपतीचे डोळे रंगवतो. बायको म्हणते, "देवाला नजर देतो नि सवता आंधळा." खोटं नाय.

फॉर्मात मोबाईलचा रकाना आला की तो सवताचा नंबर लिहायचा.

"अरे, माझा लिही की!"

"तुझा कंचा? कालपरवाच सिमकार्ड रंगाच्या डब्यात घातलंस."

पिवळ्या रंगाच्या. मग मीच ऐटीत सांगत फिरायचो, आपले बँकेचे मेसेज वाचायला माणूस ठेवलाय! रविवारी तो ओट्यावर बसून सांगायचा, "तुझा हप्ता कापला. रडू नको, तुझ्याच पॉलिसीत गेलाय."

पॉलिसीची मुदत भरली, पैसे खात्यात आले. पोरीची नर्सिंगची फी त्यातनंच भरायची होती. नि त्याच आठवड्यात तो गेला. झोपेतच.

पैसे माझे, पण ओटीपी जाणार मेलेल्या माणसाच्या मोबाईलवर. बँकेतली मॅडम म्हणाली, "नंबर बदलून घ्या." बदलायला गेलो, तर त्याचा पण ओटीपी तिकडंच! मी हसलो. मॅडम नाय हसली. फीला दोनच दिवस उरलेले.

पोरीला घेऊन रामवाडीला गेलो, तर ओट्यावर माझ्यासारखे शहाणे आधीच बसलेले. त्याची बायको, आमच्या वहिनी, दारात, त्याचा मोबाईल चार्जिंगला लावून.

"कुणाचा आला हा? लवकर टाका ओ, टाइम जातो त्याचा."

पोरीनं आकडे टाकले. फी भरली.

मग मी जातच राहिलो. प्रत्येक कामाला रामवाडी. वहिनी चहा पण करायच्या. एकदा हळूच बोलल्या, "रोह्याला आईकडं जायचंय ओ चार दिवस. पण तिच्या घरात रेंज नाय. नि तुम्ही सगळे हितं."

तवा माझी ट्यूब पेटली. दोन महिने उशिरा.

दुसऱ्या दिवशी नवं सिम मोबाईलमध्ये घातलं, पडू नये म्हणून वर चिकटपट्टी मारली नि बँकेत गेलो. वहिनींना फोन करून ओटीपी विचारला. कशाचा, ते सांगितलं नाय.

संध्याकाळी फोन वाजला. बघतो तर स्क्रीनवर त्याचा फोटो.

"वहिनी बोलते. तुमचा नंबर बदलला असा मेसेज आलाय. कुणी चोर नाय ना?"

"नाय वहिनी. मीच."

"बरं केलंत."

मी फोन ठेवणार, तेवढ्यात त्या म्हणाल्या,

"म्हणजे आता यांच्या मोबाईलवर तुमचं काय यायचं नाय."