टोपलीत न पडलेली नाणी

माझ्या नवऱ्याला टोल समजावून सांगायला फार आवडायचं. शिकागोजवळ नेपरव्हिलच्या आमच्या अपार्टमेंटमध्ये जेवणं झाली की तो टेबलावर मिठाची बाटली, लोणच्याची बरणी आणि चमचे मांडून टोलनाका उभा करायचा. "हे बघ, या लेनमध्ये काचेला टोल आपोआप कापणारी डबी लावलेल्या गाड्या. तिथे आपण घुसायचं नाही, आपल्याकडे डबी नाही. इथे माणूस बसलेला असतो, तो नोट घेतो, सुटे परत देतो. आणि ही लोणच्याची बरणी म्हणजे टोपली. खिडकीतून नाणी फेकायची, हिरवा दिवा लागला की निघायचं." मग तो बरणी सरकवत शेजारच्या इंडियाना राज्यात जायचा. तिकडे म्हणे महामार्गावर चढताना तिकीट घ्यायचं, उतरताना दाखवायचं, आणि तिकीट हरवलं तर सगळ्यात लांबच्या अंतराचा टोल बसतो. मी मान डोलवत भांडी उचलायचे. ज्या रस्त्यावर मी जन्मात गाडी घालणार नव्हते त्याचे कायदे शिकून मला काय करायचं होतं?

लायसन्स मी घेतलं होतं, तेही दुसऱ्या खेपेला. पण माझी धाव दुकान, लायब्ररी आणि स्टेशन एवढीच. नवरा शिकागोला ट्रेननं जायचा, त्याला सोडायचं आणि आणायचं. सिग्नलवर थांबत थांबत जाणारे साधे रस्ते मला झेपत. टोलरोडवरचे ते ट्रक बघूनच माझे तळहात ओले व्हायचे.

दोन हजार चारच्या जानेवारीत आमची मुलगी झाली. व्हायची होती मार्चमध्ये. बाळंतपणासाठी नागपूरहून आई येणार होती, तिला तिकीट बदलून धावत यावं लागलं. मला घरी सोडलं, पण पोर इस्पितळात काचेच्या पेटीत राहिली. नाकात ऑक्सिजनची नळी, पोटात दूध जायला दुसरी नळी, आणि पायाला लाल दिव्याचा चिमटा. माझ्या हाताच्या तळव्यावर तिचं डोकं मावायचं. नवऱ्याची रजा संपली. तेव्हा ऑफिसात कुणाची नोकरी कधी जाईल याचा भरवसा नव्हता, आणि नोकरी गेली की व्हिसा गेला. त्यामुळे थोडं सावरल्यावर मीच रोज आईला शेजारी बसवून, दुधाच्या बाटल्या बर्फाच्या पिशवीत घालून इस्पितळात जायला लागले. साध्या रस्त्यानं. टोलरोडनं निम्मा वेळ लागला असता, पण वेळ काय, माझ्याजवळ तेव्हा दुसरं काही नव्हतंच.

एका सकाळी नवरा ट्रेनमध्ये बसल्यावर थोड्याच वेळात इस्पितळातून नर्सचा फोन आला. "शी इज ओके, बट डॉक्टर वुड लाइक टू टॉक टू यू." अकरापूर्वी येऊ शकाल का, त्यानंतर डॉक्टर दुसरीकडे जातात, असंही म्हणाली. त्या 'बट'नं माझा जीव खाल्ला. डॉक्टर एरवी आम्ही गेलो की येताजाता बोलायच्या, मुद्दाम बोलावणं कधीच आलं नव्हतं. नवऱ्याला फोन लावला, लागला नाही. रात्री बर्फ पडला होता, म्हणजे साध्या रस्त्यानं रांगा असणार. मी आईला म्हटलं, "चल. आज मोठ्या रस्त्यानं जायचंय."

"तुले येते काय तो रस्ता?" आईनं साडीवर जावयाचं जाड जॅकेट चढवत विचारलं.

"नाही येत," मी म्हटलं. आई बूट घालायला लागली.

रस्त्यावर टाकलेलं मीठ ट्रकांच्या चाकांतून उडून काचेवर बसत होतं. वायपर मारला की पांढरा चिखल पसरायचा. मी स्टीअरिंगला घोरपडीसारखी चिकटले होते. आई तोंडातल्या तोंडात देवीचं नाव घेत होती आणि मला त्याचाही राग येत होता, कारण माझ्या डोक्यात त्या वेळी एकच चालू होतं. काय सांगायचं असेल? मेंदूत रक्त? डोळे? आईबाप होण्याआधी ज्यांची नावंही ऐकली नव्हती ते सगळे आजार मला आता पाठ होते.

आमचा फाटा आला आणि मी उतारावर वळले. वळणापलीकडे टोलनाका होता. पण मिठाची बाटली, चमचे, काहीच नाही, नुसतीच लोणच्याची बरणी! म्हणजे माणूस नाही, खिडकी नाही. एक लेन, एक टोपली, एक लाल दिवा. टोपलीवर लिहिलेलं, फक्त नाणी. पेनी, म्हणजे एक सेंटची नाणी, चालणार नाहीत.

मला घाबरायचं कारण नव्हतं. नवऱ्यानं दोन सीटांच्या मधल्या कपात क्वार्टरची, म्हणजे पंचवीस सेंटची, नाणी भरून ठेवली होती, अशाच वेळेसाठी. मी काच खाली केली, थंडगार वारा आत आला, आणि मी न बघताच कपात हात घातला. हाताला कपाचा तळ लागला.

पर्समध्ये नोटा होत्या आणि तळाशी पेनी. सीटखाली चाचपलं. मागून हॉर्न वाजला. आरशात एक पिकअप ट्रक दिसला, त्याच्या मागे आणखी गाड्या. मागे जाता येत नव्हतं, आणि पुढे लाल दिवा. तिथे आडवा दांडासुद्धा नव्हता, पण वर कॅमेरा होता. आमच्या ग्रीनकार्डाचे कागद नुकतेच गेले होते. मागच्या पॉटलकला, आपापला पदार्थ घेऊन जमायच्या जेवणाला, एका काकांनी अगदी खात्रीनं सांगितलं होतं, "टोल बुडवला ना यार, की रेकॉर्डवर येतं. आमच्या ओळखीत एकाचं कार्ड तेवढ्यावर अडकलं." एरवी मी त्या काकांच्या गप्पा हसण्यावारी न्यायचे. त्या लाल दिव्यापुढे मात्र मला सगळं ओळीनं दिसलं. माझा फोटो, नवऱ्याच्या नावानं नोटीस, आम्हाला देश सोडायला सांगताहेत, आणि पोर तिकडे पेटीत, नळ्यांसकट. भीतीला लॉजिक नसतं, पण वेग फार असतो.

"आई, इथली नाणी कुठे गेली?"

आईनं जॅकेटची चेन खाली ओढली आणि कमरेला खोचलेली हळदीच्या फडक्याची पुरचुंडी काढली. "माझ्यापाशी आहेत."

मला इतकं हायसं वाटलं की मी हात पुढे केला. आईनं पुरचुंडी दिली नाही.

आमच्याकडे घरात कुणी दुखण्यात असलं की देवीच्या नावानं हळदीच्या फडक्यात नाणं बांधतात. माणूस बरं झालं की ते माहूरला नेऊन देवीपुढे ठेवायचं, तोवर गाठ सोडायची नाही. आईनं त्यात स्वतःची भर घातली होती. पोरीनं जितके दिवस काढले, तितकी नाणी. रोज इस्पितळाच्या पार्किंगमध्ये मी दुधाची पिशवी काढायला मागे वळले की ती कपातलं एक नाणं उचलायची. जावयाच्या गाडीतली नाणी म्हणजे घरचीच, असा तिचा हिशेब. आम्ही टोलरोडनं जातच नव्हतो, त्यामुळे कप कुणी बघितला नव्हता.

"हे देवीचे आहेत," आई म्हणाली. "लेकराच्या नावानं बांधलेत. यातले नाही घेता येत."

मी ओरडले. काय काय बोलले ते सगळं आठवतं, पण लिहिणार नाही. "डॉक्टर वाचवताहेत तिला, तुझी देवी नाही!" हे त्यातलं सगळ्यात सौम्य. मागचा ट्रक एकसारखा हॉर्न देत होता. आईनं माझ्याकडे एकदा बघितलं. मग मान खाली घालून ती गाठ सोडायला लागली. थंडीनं तिची बोटं वळत नव्हती. तिनं दात लावले. एक पदर सुटला, हळदीची भुकटी जॅकेटवर सांडली आणि फडक्याच्या फटीतून एक नाणं चमकलं.

ते नाणं दिसलं आणि मी तिचा हात धरला.

"नको!" मी म्हटलं. "नको, आई. बांध ते. बांध आधी!"

मी इंजिनिअर. उपास न करणारी, पत्रिका न बघता लग्न केलेली. पण त्या क्षणी, डॉक्टर तिकडे वाट बघत असताना, माझ्या हातानं ती नाणी टोपलीत फेकणं मला शक्य नव्हतं. एक नाणं म्हणजे तिचा एक दिवस होता. कुठला टोपलीत टाकू? त्यापेक्षा नोटीस आलेली परवडली, कार्ड अडकलेलं परवडलं. मी ॲक्सिलरेटर दाबला. मागे टोल बुडवल्याची घंटा खणखणायला लागली, आणि ती घंटा इस्पितळाच्या दारापर्यंत माझ्या कानात वाजत राहिली.

आईनं फडक्याची गाठ पुन्हा आवळली होती.

डॉक्टर पेटीपाशीच उभ्या होत्या. पेटीत मला आधी पोरीचा चेहरा ओळखूच आला नाही. नाकातली नळी काढलेली होती. "सकाळपासून ती स्वतःच श्वास घेते आहे," डॉक्टर इंग्रजीत म्हणाल्या. "आज तिला अंगावर पाजून बघू या, मी असतानाच. म्हणून बोलावलं." मी खुर्चीत बसले ती रडतच. नर्सनं पोर माझ्या छातीशी ठेवली. तिला जमलं नाही, नुसतं तोंड लावून दमून झोपली. डॉक्टर म्हणाल्या, फारच छान. आई मागे उभी राहून कमरेची पुरचुंडी चाचपत होती.

नवरा संध्याकाळी हसला. म्हणाला, "अगं, तिथे पाटी असते. सुटे नसले तर सरळ निघायचं आणि काही दिवसांत पैसे पोस्टानं पाठवायचे. हे तेवढं सांगायचं राहिलं." इतके महिने बरण्या मांडून व्याख्यानं दिली आणि नेमकं हेच राहिलं! त्यानं दुसऱ्याच दिवशी चेक पाठवला. तरी मी कितीतरी दिवस पोस्टाची पेटी धडधडत्या छातीनं उघडायचे. नोटीस आली नाही. मार्च सरता सरता पोर घरी आली. तोवर नवऱ्यानं काचेला डबी बसवली होती. त्याच फाट्याच्या चढणीवरच्या नाक्यावरून आम्ही तिला घेऊन निघालो, दिवा आपोआप हिरवा झाला. आईनं टोपलीला हात जोडले. मी हसले नाही.

उन्हाळ्यात आई परत निघाली. विमानतळावर तपासणीच्या रांगेपर्यंतच जाता येत होतं. खांद्यावर पोर झोपली होती. इतके महिने आम्ही त्या दिवसाबद्दल बोललो नव्हतो, आणि आता ती जाणार म्हटल्यावर माझ्या तोंडून निघालं, "आई, तू खरंच गाठ सोडणार होतीस?"

"सोडली होती न अर्धी," आई पर्समध्ये पासपोर्ट शोधत म्हणाली. "तुले पोचायचं होतं."

"आणि देवीचं?"

"तिला म्हटलं, काय करायचं ते माझं कर. माझ्या पोरीला अन् तिच्या लेकराला हात लावू नको." पासपोर्ट सापडला. तिनं बाळाच्या टाळूवरून हात फिरवला आणि रांगेत गेली.

मी दोरीच्या अलीकडे उभी राहून बघत होते. तिची पुरचुंडी ट्रेमध्ये पडली, यंत्रातून गेली, आणि पलीकडच्या माणसानं ती उचलून हे काय आहे म्हणून विचारलं. तिला इंग्रजी येत नव्हतं. तिनं गाठ सोडली, फडकं पसरून त्याला नाणी दाखवली. त्यानं मान हलवली आणि पुढे जायची खूण केली. पण आई हलली नाही. मागे रांग खोळंबली होती, कुणीतरी काहीतरी बोललं असावं, आणि ती तिथेच उभी राहून, एक एक नाणं आत सरकवत, सावकाश पुन्हा गाठ बांधत होती.