राहीबाई आणि तांबड्या दिव्यांची पेटी

राहीबाईंना आमवात होता. लिहायला हे वाक्य सोपं आहे, पण आष्ट्यातल्या आमच्या गल्लीत ते एवढ्यावर कुणी कधी सोडलं नाही. आमवात म्हटलं की समोरचा माणूस लगेच औषध सांगायला बसायचा. एरंडेल घ्या, दही सोडा, वांगं तर बघूसुद्धा नका, हातात तांब्याचं कडं घाला. राहीबाई सगळं ऐकून घ्यायच्या आणि माणूस उंबऱ्याबाहेर पडला की मला म्हणायच्या, "बाई, दुखनं माझं एकटीचं हाय, पर डाक्टर समदं आष्टं झालंय."

मी तेव्हा आष्ट्याला मुलींच्या शाळेत शिकवत होते आणि त्यांच्या शेजारी दोन खोल्यांत भाड्यानं राहत होते. चौऱ्याहत्तर-पंचाहत्तर साल असेल. राहीबाई चाळिशीच्या, उंच, काटक, तोंडाच्या फटकळ. सकाळी त्यांची बोटं इतकी आखडलेली असायची की पाण्याचा तांब्या त्या दोन्ही तळव्यांत दाबून उचलायच्या. ऊन अंगणात आलं की हात हळूहळू मोकळे व्हायचे, आणि मग पहिलं काम म्हणजे केस विंचरून अंबाडा बांधणं. कितीही वेळ लागला तरी दुसऱ्याचा हात केसांना लावू द्यायच्या नाहीत. "ज्या दिशी माझी येनी दुसऱ्यानं घातली, त्या दिशी मी आजारी," म्हणायच्या. त्यांच्या हिशेबी तोवर त्या आजारी नव्हत्याच.

त्यांचे यजमान लालासाहेब पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. तिथं त्यांनी जनरेटर आणि विजेच्या तारा सांभाळल्या होत्या. बिघडलेली वस्तू ते दुरुस्त करायचेच, न बिघडलेलीही एकदा उघडून बघायचे. बायकोवर त्यांचा जीव होता. तिच्या सांध्यांना रोज रात्री आंबेहळदीचा लेप सहाणेवर उगाळून, वाटीत गरम करून, ते स्वतःच्या हातानं लावायचे. त्यात कधी खंड पडल्याचं मला आठवत नाही. या माणसाचा राग येणं अवघड होतं, आणि तरी त्यानं आम्हा सगळ्यांना वैताग आणला.

झालं असं. दर महिन्याला दोघं मिरजेच्या एका दवाखान्यात जायची. डॉक्टर गोळ्या द्यायचे, त्या मधेच बंद करू नका म्हणून बजावायचे, आणि मग राहीबाईंच्या मनगटांना तांबड्या दिव्याखाली दहा मिनिटं शेक मिळायचा. "लय बरं वाटतंय," असं राहीबाई एकदा सहज बोलून गेल्या. तेवढ्यावर लालासाहेबांनी शेक देणाऱ्या माणसाला गाठून दिव्याची सगळी माहिती काढली. त्याला इन्फ्रारेड म्हणतात, त्याची ऊब कातड्याच्या आत जाते, वगैरे. परतीच्या एसटीतच त्यांनी हिशेब मांडला: मनगटाला दहा मिनिटांत एवढं बरं वाटतं, तर अख्ख्या अंगाला तासभर दिलं तर दुखणं राहीलच कशाला?

घरी आल्यावर त्यांनी राहीबाईंचं कपाट रिकामं केलं. माहेराहून आलेलं सागवानी कपाट होतं ते. लुगडी दोरीवर गेली. कपाटाच्या माथ्याला मुंडकं बाहेर राहील एवढं भोक पाडलं, आतून तेलाच्या डब्यांचे पत्रे ठोकले, एक स्टूल ठेवलं आणि दिवे बसवले. दोन खरे तांबडे, सांगलीहून आणलेले, बाकीचे साधे शंभर वॅटचे. दाराला बाहेरून कडी. हे सगळं उभं राहिलं पडवीत, कारण खोलीत मावेना.

"माझं कापाट," राहीबाई म्हणाल्या.

"आगं, कापाट काय करतीस? तुझ्या अंगातलं इष भाईर पडनार हाय."

"कसलं इष?"

"दुखन्याचं. आनि त्या गोळ्यांचं. इतक्या वर्सांच्या गोळ्या, त्या काय आत फुलं हुन बसल्यात व्हय?"

आणि पेटीचा गुण येईपर्यंत गोळ्या बंद, असं ठरवून त्यांनी गोळ्यांची बाटली आपल्या पलटणीच्या ट्रंकेत टाकून कुलूप लावलं. मी मधे पडून बघितलं. डॉक्टरांनी काय बजावलंय याची आठवण करून दिली. "बाई," ते अगदी नम्रपणे म्हणाले, "डाक्टर काय सोता गोळी घेत न्हाई."

रोज सकाळी राहीबाई पेटीत बसू लागल्या. गळ्याभोवतीच्या फटीतून ऊब जाऊ नये म्हणून तिथं पलटणीतला पांढरा टॉवेल गुंडाळलेला. पेटी सुरू झाली की आमच्या खोलीतला दिवा मिणमिणायचा आणि पलीकडे हाजराबीच्या रेडिओचा आवाज बसायचा. हाजराबी म्हणजे आमच्या गल्लीची बांगड्यावाली. ती भिंतीपलीकडून ओरडायची, "लालाभाऊ, वैनीला शिजवून झालं की सांगा, मला बातम्या ऐकायच्यात!"

पहिल्याच दिवशी टॉवेल पिवळा झाला.

लालासाहेबांनी तो दोन्ही हातांनी उजेडाकडे धरला. त्यांचा चेहरा असा झाला होता की मला त्यांच्याकडे बघवेना. "बगा बाई. बगा. निघालं."

"आवं, हळद हाय ती," पेटीतून मुंडकं म्हणालं. "राती तुमीच लावली न्हवं मानंला?"

"ती सकाळीच धुतलीस की तू."

"धुतली म्हनून काय कातडं बदाललं?"

पण पुढचं ऐकायला लालासाहेब थांबले नव्हते. टॉवेल दारातल्या तारेवर वाळत पडला, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा. रात्री ज्या हातानं लेप लावायचा, त्याच हातानं सकाळी विष पिळायचं, असं रोज चाललं. लोक बघायला येऊ लागले. एके दिवशी त्यांचा मित्र जोतीराम आला. सांगलीच्या हळदीच्या पेठेत तीस वर्षं अडत्याकडे पोती भरलेला माणूस. आता तरी उलगडा होईल म्हणून राहीबाईंनी तो टॉवेल मुद्दाम त्याच्या हातात दिला. त्यानं तो उलटसुलट केला, नाकाला लावला, पुन्हा लावला.

"हळदीचा वास न्हाई याला," तो म्हणाला. "औशिदाचा हाय काय तर."

ज्या माणसाच्या नाकात तीस वर्षं हळदच बसली आहे, त्याला तिचा वास कुठून येणार? पण पेठेतल्या माणसानं निकाल दिला म्हटल्यावर आमच्या बोलण्याला कोण विचारतो! राहीबाई माझ्याकडे बघून एवढंच म्हणाल्या, "बाई, हितं हळदच खोटी ठरली, तिथं माझं काय?"

इकडे गोळ्या बंद होऊन तीन आठवडे झाले होते. पेटीतून उठल्यावर तासभर राहीबाईंना हलकं वाटायचं, हे त्या कबूल करायच्या. पण दुपारपर्यंत मनगटं सुजायची. मग सकाळीही सुजलेलीच राहू लागली. अंगात कणकण. लालासाहेब म्हणायचे, "इष खवाळलंय. जायच्या आदी आसंच करतंय." म्हणजे बरं वाटलं तर पेटीचा गुण, आणि वाईट वाटलं तरी पेटीचाच गुण. कुठून धरावं या माणसाला?

मग एक दिवस हाजराबी हातात बांगड्यांची चळत घेऊन आली आणि राहीबाईंचा हात बघून तिनं ती खालीच ठेवली. बांगड्या मनगटात रुतल्या होत्या. तेल लावून निघेनात. शेवटी तिनं फडकं गुंडाळून त्या एकेक करून वाढवल्या, आणि सौभाग्यवतीचा हात अगदीच रिकामा नको म्हणून काळ्या मण्यांचा दोरा सैलसर बांधला. बांधताना ती सबंध वेळ लालासाहेबांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलत होती. "धडधाकट नवरा घरात बसलाय, आणि बायकोच्या बांगड्या मी वाढवायच्या! या हातानं आजवर असलं काम केलं नव्हतं बघा."

लालासाहेब अंगणात तार सोलत बसले होते. मान खाली होती. पण उठले नाहीत.

दुसऱ्या दिवशी राहीबाईंचा अंबाडा झाला नाही. ऊन अंगणभर पसरलं तरी बोटं मिटेनात. त्या केस मोकळे सोडून पायरीवर बसल्या होत्या. मी विचारलं, "मी बांधू?" त्यांनी मान हलवली, नाही. थोड्या वेळानं म्हणाल्या, "आजचा दिस ऱ्हाऊ द्या. उद्याचं उद्या बगू."

त्या रात्री त्यांनी लालासाहेबांना म्हटलं, "तुमचीबी मान दुखती म्हनता न्हवं? बसा." आणि तळव्यांत वाटी धरून, हाताच्या कडेनं, त्यांच्या मानेला आणि खांद्यांना लेप फासला. सकाळी तो धुऊन टाकायला लावला आणि म्हणाल्या, "आज तुमी बसा पेटीत. मला कडंनं बगायचंय." हाजराबीला आणि मला त्यांनी आधीच बोलावून ठेवलं होतं.

लालासाहेब खुशीत होते. लंगोटावर आत शिरले, राहीबाईंनी नवा पांढरा टॉवेल गुंडाळला, हाजराबीनं कडी घातली. दिवे लागले. कपाटावर त्यांचं मिशाळ मुंडकं घामानं चमकायला लागलं. थोड्या वेळानं राहीबाईंनी टॉवेल ओढून काढला आणि त्यांच्या नाकासमोर धरला. पिवळाधमक.

लालासाहेबांचे डोळे मोठे झाले. "राही," ते हळूच म्हणाले, "माझ्यातबी हाय गं."

हाजराबी पदर तोंडात कोंबून भिंतीकडे वळली.

"आवं," राहीबाई म्हणाल्या, आणि मी त्यांना इतकं सावकाश बोलताना कधी ऐकलं नव्हतं, "राती तुमाला काय लावलं?"

"लेप."

"कशाचा?"

"हळदीचा."

"मग ह्ये काय हाय?"

लालासाहेब टॉवेलाकडे बघत राहिले. खरंच विचार करत होते. आम्ही तिघी वाट बघत होतो. मला वाटलं, आता पोचलं.

"मंजे," ते म्हणाले, "हळदीनंच वढून काढलं म्हनायचं."

राहीबाईंनी कपाळाला हात लावला. मग त्या उठल्या. खुंटीवर लालासाहेबांचा सदरा होता. त्याच्या खिशात त्यांनी दोन बोटं घातली आणि ट्रंकेची किल्ली काढली.

"राही! ए राही! काय करतीस? कडी काड!"

किल्ली कुलपात गेली, पण बोटांना फिरवता येईना. हाजराबीनं ती फिरवली. बाटली निघाली. राहीबाईंनी तिथंच, उभ्यानं, घोटभर पाण्याबरोबर गोळी गिळली. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बाई, आज रयवार हाय, साळंला सुट्टी. सांगलीची गाडी हाय आता. मिरजंपतूर याल का माझ्यासंगं?"

"मी येतो की! कडी तर काडा!"

"कडी काडते लालाभाऊ," हाजराबी म्हणाली. तिनं आधी दिवे बंद केले, मग कडी काढली आणि समोरच्या पायरीवर पाय पसरून बसली. "या भाईर."

तिच्यासमोर लंगोटावर हवालदार बाहेर कसे येणार? त्यांनी आतून दार धरून ठेवलं. आम्ही गल्लीच्या टोकाला वळलो तरी त्यांचा आवाज येत होता. "हाजराबी, तुजं दुकान न्हाई का आज?"

"हाय की. उगडते सावकाश."

गाडी हलल्यावर राहीबाईंनी माझ्याकडे पाठ केली. "घाला येनी," म्हणाल्या. "अशा केसांनी डाक्टराम्होरं नगं."

मी घातली.

रविवार असूनही डॉक्टर भेटले; ते रागावले, आणि ते साहजिक होतं. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, सूज उतरायला बराच काळ लागेल म्हणाले, आणि तसाच लागला. उजव्या हाताची दोन बोटं मात्र त्यानंतर कधी पुरती सरळ झाली नाहीत. शेकाविषयी मी मुद्दाम विचारलं. ते म्हणाले, ऊब चांगलीच, आखडलेले सांधे थोडे सैल होतात, दहा-पंधरा मिनिटं घ्या, पाणी प्या. पण घामातून हा आजार जात नाही. तो जायचा नाहीच, त्याला सांभाळायचं.

संध्याकाळी लालासाहेब आष्ट्याच्या स्टँडवर उभे होते. इस्त्रीचा सदरा, काखेत छत्री, कशाला कोण जाणे. त्यांनी पत्नीच्या हातातली पिशवी घेतली. घरी आल्यावर पेटीकडे बोट करून म्हणाले, "मोडू?"

"नगं. सकाळचं हात आखडत्यात तवा जरा बरं वाटतंय. फकस्त इष-बिष म्हनायचं न्हाई."

"गोळ्या किती दिस घ्याच्या?"

"जल्मभर. तुमच्याम्होरंच सांगितलंवतं पयल्या दिशी."

"सांगितलंवतं," लालासाहेब म्हणाले. ते पेटीच्या स्टुलावर बसले होते, दार उघडं, दिवे बंद. "मी आयकलं न्हवतं."

राहीबाईंना चूल पेटवायला लाकूड उचलता येत नव्हतं, ते मी उचलून दिलं.

"जोतीराम म्हनत हुता," लालासाहेब पेटीतून म्हणाले, "तासगावाकडं एक मानूस हाय. मधमाशी चाववतो."

राहीबाईंनी चुलीत फुंकर घातली. मग धुरानं डोळे मिटून म्हणाल्या, "आदी त्येला म्हनावं, तुला चावू दे."