सोफ्यामागची काळी बुरशी
ब्लीचचा वास आला की ठाकुर्लीच्या माहेरची ओली भिंत आठवते. मला बघायला पाहुणे येणार होते आणि सोफ्यामागे ही काळी बुरशी पसरलेली! मी आणि आई घासून घासून घामाघूम, बायोलॉजी शिकणारा भाऊ मात्र सोफ्यावर पाय पसरून सांगतोय, "ताई, हिच्यात मेलॅनिन असतं, आपल्या त्वचेत असतं तसं. अंतराळातल्यासारख्या रेडिएशनमध्येही ही जगते. तुमच्या ब्लीचला काय घाबरणार?" आईने त्याच्या हातात ब्रश कोंबला. "तिथे घासणारं कोणी नसतं, म्हणून जगते. ऊठ!" त्या दिवशी बघायला आलेला मुलगाच आता माझा नवरा आहे. काल आमच्या भिंतीवर तेच काळे ठिपके दिसले, तर हा सोफ्यावरूनच म्हणतो, "राहू दे गं, परत येणारच ती." मी आत जाऊन दोन ब्रश आणले.