फोन कपाटात, पोस्ट माझ्या शीटमध्ये

मुलांनो, तुमची आजी भूतखेतं, साक्षात्कार असलं काही मानत नाही, हे तुम्हाला तिकडे बसूनही ठाऊक आहे. कॉलेजात तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. पुरावा दाखवा आणि मग बोला, एवढंच मला कळतं. तरी हे इथे सगळ्यांसमोर लिहिते आहे... कारण राग अजून गेलेला नाही.

मागच्या वर्षी नांदेडच्या एका संस्थेने व्हेपविरोधी, म्हणजे ई-सिगारेटविरोधी, मोहीम घेतली. तरुण मुलं सोशल मीडियावर व्हेपबद्दल कुठून काय लिहितात ते पाहायचं, आणि जिथून जास्त पोस्ट येतील तिथे डॉक्टरांची टीम पाठवायची. आपली बोली कॉम्प्युटरला उमगत नाही, म्हणून संस्थेच्या ऑनलाइन शीटमध्ये जमा होणाऱ्या पोस्ट लातूरला घरी बसून वाचायचं काम माझ्याकडे होतं. प्रत्येक ओळ मी वहीत उतरवून घेत असे.

लातूरच्या क्लासेसच्या गल्लीतून एकही पोस्ट नव्हती. मी समीरला, म्हणजे संस्थेच्या डेटावाल्या मुलाला, फोन केला.

“पोस्ट नाही म्हणजे प्रॉब्लेम नाही, आज्जी. तिथं टीम कशाला?”

“अरे, मेडिकलच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या पोरी त्या! हॉस्टेलवाले फोन काढून घेतात. लिहिणार कशावर, भिंतीवर?”

तो हसला. टीम नांदेडलाच फिरत राहिली.

दोन आठवड्यांनी, सकाळी साडेअकराला, शीटमध्ये एक ओळ दिसली. त्याच गल्लीतल्या एका हॉस्टेलचं नाव, खोली सात. ‘लई व्हेप ओढलं. दम घुटून राहिला. मॅडम म्हणतेत नाटकं करू नको. कुणी तरी या.’

वहीत उतरवली आणि तशीच ऑटोत बसले.

रेक्टरबाई दारातच आडव्या आल्या. “पोस्ट? पोरींचे फोन समदे कपाटात हायत, कुलूप लावून. मग कुणी टाकली, भुतानं?”

“मग भुतालाच भेटू द्या. सरका!”

खोलीत उमरी गावची वैष्णवी नावाची पोरगी भिंतीला टेकून बसली होती. ओठ निळे. दोन शब्द धड बोलता येईनात. मागून बाई म्हणतात, “टेस्ट आली की ह्यांचं असंच असतंय.” मी इतकी ओरडले की पोरी जिन्यात जमल्या. त्यांनीच तिला उचलून ऑटोत बसवलं.

फुप्फुसांना सूज होती. संध्याकाळपर्यंत उशीर झाला असता तर अवघड होतं, डॉक्टर म्हणाले.

समीरने ती ओळ शोधून पाहिली. शीटमध्ये नाही, जुन्या प्रतींतही नाही. फक्त माझ्या वहीत, माझ्या अक्षरात.

“शीटमध्ये नसलेली पोस्ट धरता येत नाही, आज्जी.”

“मग पोरगी धर की! ती तर आहे ना?” — आणि फोन आपटला.

चौथ्या दिवशी वैष्णवीला वही दाखवली. तिने ती ओळ दोनदा वाचली.

“आज्जी, हे मी कुठंच लिहिलं न्हाई ओ. नुसतं मनात म्हणून राहिले होते... सारखं. तुमाला कुणी सांगितलं?”

तिचा फोन तीन महिने बंद होता. कपाट उघडायला लावून मी स्वतः पाहिला. तिच्या मनातलं माझ्या शीटवर कसं उमटलं, मला माहीत नाही. मरेपर्यंत कळेल असंही वाटत नाही.

पण त्या दिवशी सकाळपासून ती बाईंना तीनदा तोंडाने सांगून आली होती, मोठ्याने. त्यांना ते ऐकू कसं गेलं नाही?