वगळलेली फाइल

मंगळवारी सकाळी आठ वाजून चाळीस मिनिटांनी ती एकच फाइल तिसऱ्यांदा बॅकअपमधून बाहेर काढत होती. तिसऱ्यांदाही तारीख तीच आली, चौदा महिन्यांपूर्वीची. खोलीत अजून कोणी आलेलं नव्हतं. टेबलावर मेलेली हार्ड डिस्क पडली होती, दुरुस्तीवाल्याने चिठ्ठी लावून परत पाठवलेली. चिठ्ठीवर दोनच शब्द होते: ‘निघणार नाही’.

कृत्रिम पाय बनवणाऱ्या त्या कार्यशाळेत अठरा संगणक आहेत आणि त्या सगळ्यांची काळजी घेणारी ती एकटी. वय चव्वेचाळीस, नोकरीला सोळा वर्षं. लोक तिला ताई म्हणतात. पाठीमागे ‘हिरवीताई’ म्हणतात, कारण रोज दुपारी बॅकअप संपला की पडद्यावर हिरवी पट्टी येते आणि कोणी विचारलं की ती सांगते, “सगळं हिरवं आहे.”

सगळ्यांत जास्त विचारायचे ते मास्तर. मास्तर म्हणजे तिथले जुने माप घेणारे, वय त्रेसष्ट. निवृत्तीनंतर दरवर्षी एकेक वर्षाच्या करारावर काम करत होते. पायाचा वरचा पेला, ज्यात माणसाचा उरलेला पाय बसतो आणि ज्याला तिथे सॉकेट म्हणतात, तो कुठे घट्ट हवा आणि कुठे सैल, हे त्यांच्या बोटांना कळायचं. बोटांना कळलेलं ते एका मोठ्या फाइलमध्ये लिहायचे. माप, आराखडा आणि खाली शेरा: ‘बाहेरच्या अंगाला चालताना टोचतं, सांगत नाही, तोंडावरून कळतं.’ असे शेरे दुसऱ्या कुठल्याही कागदावर नव्हते.

ही फाइल उघडायला सात मिनिटं लागायची. म्हणून मास्तर सकाळी ती उघडत आणि संध्याकाळी सहापर्यंत बंद करत नसत. जेवायला जातानाही खोलीला कुलूप आणि फाइल उघडी. सहा वाजता पहारेकरी इमारतीचा मुख्य खटका पाडायचा. मागे एकदा वायर जळाली होती, तेव्हापासूनचा हा नियम. रात्री यंत्रं बंद, त्यामुळे बॅकअप घ्यायची वेळ एकच उरली: दुपारी एक पंधरा, सगळे डबा खात असताना.

अडचण एवढीच की उघड्या फाइलला बॅकअप हात लावत नाही. ती दुसऱ्याच्या ताब्यात आहे असं समजून पुढे जातो.

यावर उपाय तिला ठाऊक होता. स्नॅपशॉट नावाची एक सोय असते. यंत्र क्षणभर थांबतं, सगळ्या डिस्कचा त्या क्षणापुरता जणू फोटो काढतं, आणि मग प्रत त्या फोटोवरून घेतली जाते. फाइल उघडी असली तरी काही बिघडत नाही. पंधरा महिन्यांपूर्वी तिने हे सगळं बसवलं. फोटोसाठी डिस्कची दहा टक्के जागा, वेळ एक पंधरा, जुने फोटो तीन दिवसांनी पुसायचे. तीन आठवडे नीट चाललं.

चौथ्या आठवड्यात पाहुणे आले. देणगी देणारे होते, आणि नेमके जेवणाच्या वेळी आले. व्यवस्थापक स्वतःकडच्या किल्लीने खोली उघडून त्यांना मास्तरांच्या यंत्रावर पायाचा आराखडा फिरवून दाखवायला गेले आणि यंत्र जागच्या जागी थिजलं. दोन मिनिटं. सुटाबुटातली चार माणसं आणि मध्ये हात चोळत व्यवस्थापक.

“ते काय बसवलंय ते बंद करा,” त्यांनी संध्याकाळी फर्मावलं.

“साहेब, मग मास्तरांची फाइल येणार नाही.”

“बाकीच्या येतात ना?”

“येतात.”

“मग झालं तर!”

जागा वाढवून बघता आली असती, वेळ पुढेमागे करता आली असती. तिने तसं सुचवलंही असतं, पण व्यवस्थापक तोवर फोनवर बोलायला लागले होते. तिने स्नॅपशॉट बंद केला. मास्तरांकडे जाऊन म्हणाली, “मास्तर, जेवायला जाताना फाइल बंद करत जा.” मास्तर हसले. “सात मिनिटं कोण देणार? तू?” तिने आणखी दोनदा सांगितलं, मग सोडून दिलं. पहिले दोन आठवडे पावणेसहाला जाऊन पेन ड्राइव्हवर स्वतः प्रत घेतली. एक दिवस राहिलं. मग एक आठवडा राहिलं, आणि पेन ड्राइव्ह पुसून दुसऱ्या कामाला गेला.

इथपर्यंत चूक सगळ्यांची थोडी थोडी होती. पुढची तिची एकटीची.

बॅकअपची पट्टी आता रोज पिवळी यायला लागली: ‘एक फाइल सुटली.’ महिन्याच्या तक्त्यात बावीस दिवस पिवळे दिसले तेव्हा व्यवस्थापकांनी बोट ठेवलं, “हे पिवळं काय? वरती पाठवायचंय मला हे.” तिने समजावलं नाही. कंटाळली होती. जागेवर येऊन सेटिंग उघडलं, ‘वगळायच्या फाइली’ या यादीत मास्तरांच्या फाइलचं नाव टाकलं आणि ‘ठीक’चं बटण दाबलं. जी फाइल घ्यायचीच नाही ती सुटली असं यंत्र कसं म्हणेल? दुसऱ्या दिवसापासून पट्टी हिरवी. हे कोणी सांगितलं नव्हतं, आणि कोणाला तिने सांगितलंही नाही.

मास्तर रोज विचारायचे, “घेतलीस का गं माझी?”

“सगळं हिरवं आहे, मास्तर.”

मग मास्तरांच्या यंत्राची डिस्क मेली. बॅकअपमध्ये सापडलेली प्रत स्नॅपशॉटच्या शेवटच्या दिवसाची होती. तिच्या आधी, सोय नव्हती तेव्हाच्या, फक्त चार प्रती होत्या. चारही तारखा तिने हजेरीशी ताडून पाहिल्या. दोनदा मास्तर तापाने घरी होते, एकदा डोळ्याचं ऑपरेशन होतं, एकदा त्यांची बहीण वारली होती. मास्तर आजारी पडले किंवा सुतकात बसले तरच त्यांची फाइल सुरक्षित राहत होती. गेल्या चौदा महिन्यांत त्यांनी एकही रजा घेतली नव्हती. घेतली असती तरी यादीने ती वगळलीच असती.

दोनशे शहाऐंशी माणसांची मापं गेली होती.

अकरा वाजता व्यवस्थापकांनी बोलावलं. टेबलावर टाइप केलेला कागद तयार होता, दोन प्रतींत. खाली सह्यांसाठी दोन रेघा, एक तिची, एक मास्तरांची.

“वाचा आणि सही करा. तुमच्यावर काही येत नाही.”

तिने वाचलं. ‘डिस्क अचानक निकामी झाली. सदर फाइल संबंधित कारागिराने वारंवार सूचना देऊनही वापरानंतर बंद न केल्याने तिची प्रत घेतली गेली नाही.’

“मास्तरांचा करार कधी संपतोय, साहेब?”

“तीस तारखेला. त्याचा याच्याशी काय संबंध?”

“संबंध येईल ना.”

“ताई, सूचना तुम्ही दिली होती की नाही?”

“दिली होती.”

“त्यांनी बंद केली?”

“नाही.”

“मग यात खोटं काय आहे ते दाखवा.”

ओळीओळीत खोटं काहीच नव्हतं. ती म्हणाली, “उद्या देते,” आणि एक प्रत घेऊन बाहेर आली. दारातल्या शिपायाने सवयीने विचारलं, “काय ताई, हिरवं का?” ती कागदाची घडी घालत पुढे गेली.

घरी ती आणि वडील, दोघंच. वडिलांचा डावा पाय गुडघ्याखाली नाही. सात महिन्यांपूर्वी मास्तरांनी नवा सॉकेट करून दिला होता. आता उरलेला पाय आणखी बारीक झाला, सॉकेट हलायला लागला आणि नडगीच्या टोकाला जखम झाली. नवा करायचा तर जुनं माप हवं, आणि जुनं माप त्या दोनशे शहाऐंशींमध्ये होतं. संध्याकाळी ती जखमेवर मलम लावत असताना वडिलांनी विचारून विचारून सगळं काढून घेतलं.

“म्हणजे माझा पाय एकदा डॉक्टरांनी घालवला आणि दुसऱ्यांदा तू.”

“बाबा, थट्टा नको.”

“थट्टा कुठे? हिशेब सांगतोय. सही केलीस?”

“नाही अजून.”

“करू नकोस असं मी म्हणणार नाही. घरात मिळवती तू एकटी.” त्यांनी पाय वर घेतला, पट्टी बांधू दिली. “पण तो माणूस माझा पाय मांडीवर घेऊन अर्धा तास बसला होता. बोलला काही नाही. नुसतं दाबून बघत होता. तुला काय लिहायचं ते लिही, फक्त तो समोर आला की मला मान खाली घालायला लावू नकोस.”

तिने जेवण वाढलं, आवरलं आणि मग टेबलाशी बसून हाताने खुलासा लिहिला. स्नॅपशॉट कोणाच्या सांगण्यावरून बंद केला, ते लिहिलं. वगळायच्या यादीत नाव कोणी टाकलं, ते लिहिलं, तारखेसकट. ‘मी’ हा शब्द त्यात चार वेळा आला.

बुधवारी सकाळी ती आधी मास्तरांकडे गेली. नव्या डिस्कवर चौदा महिन्यांपूर्वीची फाइल उघडत होती आणि मास्तर हात बांधून पडद्याकडे बघत होते.

“मास्तर, साहेबांचा कागद आला तर सही करू नका.”

“केली की काल संध्याकाळी.”

“वाचलात?”

“वाचायचं काय त्यात? फाइल मीच बंद करत नव्हतो. तू तीनदा सांगितलं होतंस. आपल्या हाताने झालं ते आपण कबूल करावं.”

मग तिने उभ्याउभ्याच सांगितलं. स्नॅपशॉट, पाहुणे, पिवळी पट्टी, यादी. ती थांबल्यावर मास्तर म्हणाले, “म्हणजे मी रोज विचारत होतो तेव्हा तुला माहीत होतं.”

“हो.”

“आणि तू हिरवं म्हणत होतीस.”

“पट्टी हिरवीच होती.”

हे वाक्य तोंडातून गेल्यावर तिला ते ऐकू आलं.

मास्तर पडद्याकडे वळले. “यादीत नाव टाकलंय म्हणाली असतीस तर मी बंद केली असती गं. सात मिनिटं काय, मी तासभर दिला असता. मला वाटत होतं येतेय कशीतरी.”

ती माफ करा म्हणाली. त्यांनी मान हलवली, पण ती हो होती की नाही ते कळलं नाही.

खुलासा तिने व्यवस्थापकांना दिला. त्यांनी उभ्यानेच वाचला, घडी घातली आणि मास्तरांच्या सहीच्या कागदामागे टाचणी लावून जोडला. “दोन्ही पाठवतो वरती. मास्तरांची सही आहेच, आता तुमचीही कबुली आहे.” स्वतःबद्दलच्या ओळीखाली त्यांनी पेन्सिलीने लिहिलं, ‘लेखी आदेश नाही.’ मास्तरांचा करार वाढवायचा नाही, हे दुपारीच ठरलं. तिची वार्षिक वाढ रोखली गेली आणि सेवापुस्तकात एक ओळ आली.

त्याच दिवशी एक वाजण्याआधी तिने सेटिंग पुन्हा बसवलं. स्नॅपशॉट चालू, जागा वीस टक्के, वगळायच्या यादीत एकही नाव नाही. एक पंधराला मास्तरांच्या खोलीत जाऊन पाहिलं तर पडदा रिकामा होता. त्यांनी फाइल बंद करून ठेवली होती.

“मास्तर, आता उघडी राहिली तरी चालेल. प्रत येईल.”

“असू दे,” मास्तर डबा घेऊन निघताना म्हणाले.

भिंतीवरचा वेळेचा तक्ता त्यांनी आपल्या हाताने दुरुस्त केला होता. उद्या साडेनऊचं पहिलं माप तिच्या वडिलांचं आहे. दुपारच्या पहिल्या माणसाला पावणेदोनऐवजी सात मिनिटं उशिरा, एक बावन्नला बोलावलं आहे.